चुकलं की टाळी

हे मी लिहिणारच नव्हतो. खरंच. कितीदा उघडलं, एक ओळ टाइप केली, पुसली, बंद केलं. आत कुणीतरी बसलेलं असतं ना, ते लगेच सुरू होतं — अरे, तू? आधी तुझं शुद्धलेखन बघ. कॉलेजची पायरी तरी चढलास का कधी? आज ते गप्प आहे. जेवायला गेलं असेल. ते परत यायच्या आत टाइप करून घेतो.

तर. माझं काम आवाज कापायचं.

आमच्याकडे अंध लोकांसाठी एक ग्रंथालय आहे. तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात. वाचणारे सगळे हौशी. आपापल्या नोकऱ्या करून संध्याकाळी येतात, एका छोट्या बंद खोलीत बसतात, यंत्र चालू करतात, वाचतात आणि घरी जातात. मी सकाळी येतो. हेडफोन लावतो. चुका, खोकले, खुर्चीची कुरकुर, पोटातली गुडगुड सगळं कापतो आणि पुस्तक स्वच्छ करून पुढे देतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. व्हिडिओ बघून आणि बिघडवून बिघडवून शिकलो.

आमची एक पद्धत आहे. वाचताना चूक झाली तर यंत्र थांबवायचं नाही. जोरात एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायचं. टाळी पडद्यावर सुळक्यासारखी उंच दिसते. मी नुसते सुळके शोधत जातो. सुळका दिसला की समजायचं, इथे चुकलंय.

वाचणाऱ्यांत एक होती, तिच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळीनंतर अजून काहीतरी असायचं.

टाळी. मग दातांतल्या दातांत — "मूर्ख."

टाळी. "एक वाक्य धड वाचता येत नाही."

टाळी. "कशाला येतेस इथे थोबाड घेऊन?"

आणि लगेच तेच वाक्य पुन्हा, इतकं मऊ, इतकं समजूतदार... की वाटावं एका खुर्चीत दोन माणसं बसलीयेत आणि त्यांचं आपसात पटत नाही.

मी कापत राहिलो. कापण्याआधी ऐकावं तर लागतंच. पुस्तक ऐकणाऱ्यांना ती गोड आवाजाची बाई म्हणून माहीत होती, तिचं ते दुसरं बोलणं फक्त माझ्या वाट्याला यायचं. रोज सकाळी, चहाबरोबर. तिला मी कधी पाहिलंही नव्हतं. पण रिकाम्या खोलीत माझ्या तोंडून निघून जायचं, "अगं, नाही गं... एवढं काही नाही झालं."

ऐकायला कोण होतं? भिंत.

मग माझी दाढ दुखायला लागली.

गाल धरून दातांच्या दवाखान्यात गेलो. बाहेरच्या बाकावर एक आजी रडकुंडीला आल्या होत्या, आत जायलाच तयार नव्हत्या. आणि काउंटरमागून आवाज आला —

"काही नाही होत, आजी. बसा. श्वास घ्या... हां, असा. घाई नाही. मी इथेच आहे."

माझी दाढ दुखायची थांबली. म्हणजे थांबली नसणार, पण माझं तिकडे लक्षच राहिलं नाही. हा आवाज मी झोपेतही ओळखला असता.

आजी आत गेल्या. माझा नंबर लावायला मी पुढे झालो. सावळी, बारीक, केस पेनाने वर खोचलेले.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"दाढ," मी म्हटलं. "आणि... तुम्ही. तुम्ही वाचता ना? ग्रंथालयात?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी कापतो."

ती खुर्चीसकट मागे सरकली. "काय कापता?"

"चुका! तुमच्या चुका. रेकॉर्डिंगमधल्या."

आधी ती हसली. मग हसू मध्येच अडकलं. काउंटरवरचे कागद उगाच सरळ करत तिने हळूच विचारलं, "सगळं ऐकू येतं?"

"सगळं."

"टाळीनंतरचं... ते पण?"

"ते पण."

"मला वाटलं ते मशीन आपोआप काढतं."

"मशीन मीच आहे," मी म्हटलं. मला वाटलं हा विनोद आहे. तिला नाही वाटला. तिचे कान लाल झाले होते. तिने दाराकडे बोट दाखवलं. "डॉक्टर बोलावतायत. जा."

पुढचं रेकॉर्डिंग आलं. टाळी — शांतता — वाक्य. टाळी — शांतता — वाक्य. वाचनही इस्त्री मारल्यासारखं, कडक. शिव्या गेल्या आणि जाताना त्या मऊपणाला बरोबर घेऊन गेल्या. मला वाटलं, माझ्या बडबडीने मी तिची मोकळं होऊन बसायची एकमेव जागा हिसकावून घेतली.

असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी —

टाळी. "...कानसेन? आहात का?"

मी हेडफोन काढून मागे वळून बघितलं. शप्पथ.

"दवाखान्यात तुमचं नाव लिहिलंय, पण मला हेच बरं वाटतं. दाढ कशी आहे? सांगू नका, मला ऐकू येणार नाही." आणि पुढचं वाक्य. पुस्तकाचं. मऊ.

तिथून सुरू झालं. तिला काही सांगायचं असलं की ती टाळी वाजवायची. पुढे पुढे तर चूक नसतानाही. "कानसेन, आज एक काका बिल न देता पळाले, कवळी इथेच विसरून." "कानसेन, या लेखकाला पूर्णविराम माहीत नाही का हो? माझा जीव जाईल एक दिवस." मी ऐकायचो, हसायचो, आणि कापायचो. कापताना बोट जरा रेंगाळायचं.

माझी उत्तरं द्यायला मी दवाखान्यात जायचो. रूट कॅनल लांबलं होतं, कधी नव्हे ते नशीब उघडलं. पण तिथे इंजेक्शनने माझं अर्धं तोंड बधिर. म्हणजे आमचं असं होतं बघा — ती बोलायची तेव्हा मी समोर नसायचो, आणि मी समोर असायचो तेव्हा मला बोलता यायचं नाही.

"काय म्हणालात?" ती मुद्दाम कान पुढे करायची.

"अअं... थु... थुम्ही..."

"टाळी वाजवा आणि पहिल्यापासून म्हणा."

हे सगळं मी एकालाच सांगायचो. गोलीला. लहानपणी मैदानावर तो कायम गोलमध्ये उभा राहायचा म्हणून गोली. मागच्या वर्षी एका आजारपणात त्याची नजर गेली. त्याच्यासाठी पुस्तकं न्यायला म्हणूनच मी त्या ग्रंथालयात पहिल्यांदा गेलो आणि तिथेच चिकटलो. तिचं प्रत्येक पुस्तक त्याने ऐकलेलं.

"वहिनी काय म्हणतात?" मी घरात पाय टाकला की त्याचा पहिला प्रश्न.

"गप रे. वहिनी कुठली?"

"बरं, माझी नाही तर नाही. तुझी कोण ते सांग."

असा सगळा मस्करीचा मामला. पण त्याची पांढरी काठी दारामागे उभी असायची, धूळ खात. मी नेईन तेवढंच तो बाहेर पडायचा. काठीचा विषय काढला की म्हणायचा, "अडगळीला काठी कशाला लागते?" तेही हसतच म्हणायचा. मीही हसायचो. दुसरं काय करायचं ते मला सुचायचं नाही.

मग ग्रंथालयाच्या ताईंनी बाँब टाकला. ताई म्हणजे आमच्या प्रमुख, त्यांचं ऐकावंच लागतं. वर्षातून एकदा सगळे ऐकणारे लोक एका सभागृहात जमतात आणि एक वाचक त्यांच्यासमोर बसून वाचतो. यंदा ताईंनी तिला निवडलं.

ती नाही म्हणायला दुपारी ग्रंथालयात आली. ताई बाहेर गेल्या होत्या. तेवढ्यात पाऊस कोसळायला लागला. रेकॉर्डिंगच्या खोलीवर पत्रा आहे, पाऊस असला की आमचं काम बंद. म्हणून आम्ही दोघं तिथेच बसलो. ती तिच्या खुर्चीवर, मी दाराला टेकून. पहिल्यांदा — ती समोर होती आणि माझं तोंड बधिर नव्हतं. मी दाराची कडी चाळवत बसलो.

"तिथे तुम्ही कापू शकणार नाही ना," तीच म्हणाली.

"नाही."

"मग मला नाही जमणार. मला माहितीये मी काय आहे."

"काय आहात?"

"तुम्ही ऐकलंय की. इतके महिने."

मी गप्प राहायला हवं होतं बहुतेक. पण जे कानाला रोज लागत होतं ते बोलून टाकलं. "एक सांगू? रागावू नका. तुम्ही स्वतःला शिव्या देता ना, तेव्हा तुमचा आवाज खाली उतरतो. जाड होतो. शब्दही वेगळे येतात. थोबाड वगैरे तुम्ही एरवी कधी म्हणत नाही. मी रोज ऐकतो म्हणून सांगतो... तो आवाज तुमचा नाही."

पत्र्यावर पाऊस धो धो वाजत होता. ती माइककडे बघत होती.

"बाबांचा," ती म्हणाली.

मग तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात कविता म्हणायला उभी राहिली आणि दुसरं कडवं आठवेना. समोर बाबा. ते उठले आणि सगळ्यांसमोर सभागृहातून निघून गेले. घरी आल्यावर म्हणाले — एक ओळ धड येत नाही, कशाला गेलीस थोबाड घेऊन? पुढे कित्येक वर्षं, पोळी करपली, पेला पडला, की तेच.

"वाईट नव्हते हो," ती घाईने म्हणाली. "ताप आला की रात्र रात्र उशाशी बसायचे. पण चूक मात्र... आता तर गेलेही ते. जाताना आवाज माझ्याकडे ठेवून गेले."

मला तिचा हात धरावासा वाटला. धरला नाही.

"दवाखान्यात त्या आजींशी कसं बोलत होता तुम्ही," मी म्हटलं.

"त्यांना भीती वाटत होती."

"आणि तुम्हाला?"

तिने माझ्याकडे बघितलं. पाऊस कमी होत होता. उठताना म्हणाली, "ठीक आहे. वाचते. पण स्पष्ट सांगते, कानसेन... तिथे जर मी कोसळले, तर पुन्हा या खुर्चीत बसणार नाही. मग बाबांचंच खरं."

हसून म्हणाली ती हे. पण मी तिचे आवाज ओळखतो. ती थट्टा नव्हती.

कार्यक्रमाचा दिवस. सभागृह भरलेलं. मी कोपऱ्यात आवाजाच्या मिक्सरपाशी. तिच्या माइकची पट्टी माझ्या बोटाखाली. वर केली की आवाज, खाली ओढली की शांतता. गोलीला पुढून तिसऱ्या रांगेत बसवलेलं, नवीन शर्ट घालून आला होता पठ्ठ्या.

ताईंनी तिची ओळख करून दिली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ती दचकली. बरोबरच आहे, आमच्याकडे टाळीचा अर्थ वेगळा.

वाचायला लागली. डोंगरात शाळा काढणाऱ्या एका शिक्षिकेची गोष्ट. पहिलं पान छान गेलं. माणसं माना थोड्या तिरक्या करून ऐकत होती, डोळ्यांचं कामही कानांवर सोपवल्यासारखी. दुसऱ्या पानावर एका लांबलचक वाक्यात तिची जीभ अडखळली. सावरायला गेली, पुन्हा तिथेच अडखळली.

आणि तिचे हात आपोआप वर आले.

टाळी.

सगळ्या सभागृहात घुमली. आणि पाठोपाठ, माइकवर, स्वच्छ — "मूर्ख. एक वाक्य धड..."

तिलाच ऐकू आलं ते. स्पीकरमधून, चहूबाजूंनी. ती थिजली. रंग उडाला. पुस्तक बंद करायला तिने हात पुढे केला.

माझं बोट पट्टीवर गेलं होतं. इतक्या महिन्यांची सवय — टाळी दिसली की काप. खाली ओढली असती तर सगळ्यांना वाटलं असतं, माइक बिघडला. ताईंनी सांभाळून घेतलं असतं. तिची लाज झाकली गेली असती... आणि मला सगळ्यात जास्त तेच करावंसं वाटत होतं.

पण मी आवाज बंद केला, तर उठून निघून जाणारा आणखी एक माणूस होणार होतो मी.

मी बोट उचललं. हात मांडीखाली दाबून बसलो.

शांतता. कुणीतरी खोकलं. स्पीकरमधून तिचा श्वास ऐकू येत होता, वर-खाली, वर-खाली, रडण्याच्या अगदी काठावरचा. मग तो श्वास लांबला. आणि ती बोलली. आम्हाला नाही. पण माइक चालूच होता.

"काही नाही होत. बस... श्वास घे. घाई नाही. मी इथेच आहे."

काउंटरमागचा आवाज. तिचा स्वतःचा.

आणि तिसऱ्या रांगेतून आमचा गोली ओरडला, "आम्हीपण इथेच आहोत! कुठे जाणार? सावकाश वाचा!"

सगळं सभागृह हसलं. तीही हसली, डोळे पुसत. मग ते लांबलचक वाक्य तिने पहिल्यापासून वाचलं. पुढे आणखी दोन-तीनदा अडखळली. अडखळली की थांबायची, श्वास घ्यायची, पुढे जायची. फार भारी वाचन झालं असं नाही म्हणणार मी, याहून चांगलं वाचलंय तिने. पण शेवटचं पान संपलं तेव्हा कुणाला उठावंसं वाटत नव्हतं.

लोक पांगल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. ती आली. समोर उभी राहिली.

"आवाज बंद का नाही केलात?"

मी एक वायर उगाच घट्ट ओढली.

"करता आला असता ना?"

"आला असता. बोट होतं तिथेच."

"मग?"

"मग तुम्ही काय बोलणार होता, ते कुणालाच ऐकू आलं नसतं." मी वायर पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली. "मी घाबरलो होतो. तुमच्याहून जास्त. मला वाटलं, चुकीचं केलं तर तुम्ही कधीच... म्हणजे, मला तुम्ही आवडता. खूप. पण मी काय, शिक्षण नाही धड, हे कामही असंच बघून बघून, माझी काही लायकी —"

"थांबा."

थांबलो.

"'आवडता'पर्यंत तुमचा आवाज होता," ती म्हणाली. "त्याच्या पुढचा कुणाचा?"

चुलत्यांचा? शाळेतल्या सरांचा? इतकी वर्षं आत बसलेला आहे, मी त्याचं तोंड कधी बघितलंच नव्हतं.

"कान फक्त तुम्हालाच आहेत का?" ती हळूच म्हणाली. वायरीच्या भेंडोळ्याचं दुसरं टोक तिने हातात घेतलं. "पहिलं वाक्य परत म्हणा. पुढचं कापा."

म्हटलं. या वेळी 'आवडता'पाशीच थांबलो.

"हं," ती म्हणाली. खाली बघत होती, पण गाल सगळं सांगत होते. "मलाही. आणि हे अहो-जाहो पुरे आता. तू म्हण."

"तू," मी म्हटलं. एवढंच जमलं.

"अरे, वायरींचं झालं असेल तर मला कुणी घरी नेणार का?" मागून गोली. "का मी इथेच बसू, खुर्च्यांबरोबर?"

"तू ऐकत होतास?"

"आंधळा आहे, बहिरा नाही. नमस्कार, वहिनी."

"नमस्कार, भावजी," तिने पट्कन म्हटलं. गोली इतका खूश झाला की त्याला काही उलट बोलताच येईना. असं कधी होत नाही.

बाहेर ऊन उतरलं होतं. गोलीचा हात माझ्या कोपरावर, पलीकडे ती. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी गोली थांबला. त्याच्या घरापासून हे दुकान जवळच, गल्ली संपली की उजवीकडे. लहानपणी आम्ही तिथे पळत यायचो.

"एक बोलायचंय," तो म्हणाला. मस्करी नव्हती आवाजात. "उद्या सकाळी मी घरातून इथपर्यंत येणार. काठी घेऊन. एकटा."

"येतो मी, धरतो —"

"नाही. ऐक. तू मागे ये. पण धरायचं नाही. बोलायचं नाही. भिंतीला आपटलो तरी नाही."

"आणि पडलास तर?"

"पडलो तर पडलो. तेव्हा स्वतःला काय म्हणायचं, ते मला म्हणून बघायचंय. तू मध्ये बोललास तर मला ते ऐकू येणार नाही." त्याने माझं कोपर घट्ट दाबलं. "जमेल तुला? गप्प राहायला?"

मी तिच्याकडे बघितलं. हे माझं मीच सांगायचं होतं.

सोपं नव्हतं. तो आंधळा झाल्यापासून मी त्याला एकदाही ठेच लागू दिली नव्हती.

"जमेल," मी म्हटलं. "शब्द देतो, गोली. तू पडलास तरी मी मागे उभा असेन, आणि तू हाक मारेपर्यंत हात पुढे करणार नाही."